वासाचा सदरा

माइकवरून आपल्या पोरीचं नाव ऐकलं आणि वर्षा बसल्या जागी दचकली. "आपल्या इंद्रजीतभाऊची खुशी," स्टेजवरून घनश्याम सांगत होता, "पाच वर्षांचं नाही झालं अजून लेकरू, अन् तिच्या रक्तात शिसं! बॅटरीतलं शिसं, मायबापहो, जहर!" हॉलभर बसलेल्या बायांनी एका सुरात "अव माय" केलं आणि ते लेकरू कोणतं म्हणून माना वळवून पाहायला लागल्या. ते लेकरू वर्षाच्या शेजारी, दोन खुर्च्या जोडून केलेल्या जागेवर चुळबुळत पडलं होतं, झोपेला आलेलं, रडवेलं. वर्षानं ओढणी पुढे ओढून तिचं तोंड झाकलं. काय निर्लज्ज माणूस! नवऱ्यानं विश्वासानं घरातली गोष्ट सांगितली, आणि ह्यानं ती भर हॉलमध्ये बुंदीसारखी वाढून टाकली. पुसदच्या ह्या मंगल कार्यालयात काल कुणाचं तरी लग्न झालं असावं. स्टेजमागे वधूवरांची थर्माकोलची नावं अजून तशीच होती आणि त्यांच्यावरच ह्या लोकांनी आपला बॅनर ताणला होता : विषमुक्त शरीर, आनंदी परिवार. 'आनंदी'च्या मागून कुण्या नवरदेवाच्या नावातला 'सिंग' डोकावत होता. तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून बरंही वाटलं. खुशीच्या रक्तात शिसं निघाल्यापासून हसण्यासारखं, थुंकण्यासारखं काही सापडलं की तेवढा वेळ तिची भीती दबायची.

घनश्यामला ती लग्न होऊन पुसदला आली तेव्हापासून ओळखत होती. तेव्हा तो पॉलिसी विकायचा. मग पाण्याचा फिल्टर आला, मग चुंबकाची गादी. त्या गादीवर झोपून विमलताईंच्या, म्हणजे शेजारणीच्या, गुडघ्याचं काही झालं नाही, पण घनश्यामच्या दारात नवी मोटारसायकल आली. आता ह्या जांभळ्या झाकणाच्या डब्या. आत कॅप्सुला. आवळा, द्राक्षाच्या बिया, हळदीचा अर्क, क जीवनसत्त्व आणि काय काय, आणि सगळ्यावर एक मोठा शब्द, अँटिऑक्सिडंट. हा शब्द घनश्यामला धड म्हणताही येत नव्हता. 'अँटिऑक्सिजन' म्हणायचा. ऑक्सिजनच्या विरोधात औषध विकतोय गाढव, आणि पाचपन्नास माणसं माना डोलवताहेत! वर्षा बी.एस्सी. होती, केमिस्ट्री घेऊन. आर्णीजवळच्या तांड्यातून रोज एस.टी.नं कॉलेज केलेलं; आता घरच्या पुढच्या खोलीत नववी-दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. ज्या गोष्टीला समीकरण नाही तिच्यावर ती विश्वास ठेवायची नाही, आणि असा विश्वास ठेवणाऱ्या माणसांकडे पाहण्याची तिची एक खास नजर होती. त्या नजरेला विमलताई भ्यायच्या, शिकवणीची पोरं भ्यायची, इंद्रजीत तर भ्यायचाच.

तरी आज ती आली होती. कारण काल इंद्रजीत म्हणाला, "तू फक्त बस तिथी. मले स्टेजवर बोलाचं हाये. तू नसली तं लोक काय म्हनतीन, बायकोच नाही आली." आणि एवढं बोलताना त्यानं मान खाली घातली होती. वाशीम रोडवर त्याचं बॅटरीचं दुकान. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, तेजाब ओतून काढायचं, प्लेटा बदलायच्या, झिजलेले शिशाचे पोल वितळवून नवे ओतायचे. बारावी नापास माणूस, पण हाताचा सच्चा. मेलेली बॅटरी त्याच्या हातून पुन्हा उठायची. त्याच्या हाताला सूक्ष्म थरथर सुरू झाली तेव्हा तिनंच त्याला यवतमाळला नेलं, आणि खुशी पोट दुखतं पोट दुखतं म्हणत होती, जेवत नव्हती, पाठ असलेली गाणी विसरायला लागली होती, म्हणून तिलाही सोबत दाखवलं. दोघांचं रक्त गेलं. बापाच्या रक्तात शिसं निघालं ह्याचं डॉक्टरांना नवल नव्हतं. पोरीच्या रक्तात निघालं तेव्हा ते चष्मा काढून बसले. "घरात येतंय कुठून ते शोधा," ते म्हणाले. "ते थांबलं की शरीर हळूहळू काढून टाकतं. औषध द्यावं इतकं वाढलेलं नाही. पण वाढत गेलं तर नागपूरला भरती करावं लागेल, आणि ताई, मेंदूचं जे नुकसान होतं ते मग भरून येत नाही." इंद्रजीतनं खिशातली जांभळी डबी हळूच टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती फिरवून वाचली, परत दिली. "घ्या हवं तर. आवळा खा, पालक खा, चांगलंच आहे. पण नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार आहे हा. आधी नळ शोधा." परतीच्या एस.टी.त वर्षा नवऱ्याला म्हणाली होती, "ऐकलं?" त्यानं खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "खा म्हनलंच ना त्याहीनं." काय बोलणार अशा माणसाशी!

मग तिनं नळ शोधला. शिकलेल्या बाईसारखा, एकेक गोष्ट घेऊन. खुशीनं दुकानात पाऊल टाकायचं नाही. इंद्रजीतनं दुकानातच आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालूनच घरी यायचं. कामाचे शर्ट पिशवीत बांधून आणायचे. ते ती स्वतः गच्चीवर, वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवायची आणि पाणी वेगळं टाकायची. सुटी हळद फेकली. सासूनं पाठवलेलं काजळ फेकलं, तेव्हा हंसाबाईनं महागावच्या तांड्यावरून फोन करून दोन दिवस आकांत केला. रंगीत खेळणी गेली, खिडकीचा जुना रंग खरवडून नवा दिला, बोअरचं पाणी तपासून आणलं. आणि हे सगळं करताना तिला, खरं सांगायचं तर, एक प्रकारचा कैफ चढला होता. घनश्याम, विमलताई, सासू, नवरा, सगळे गोळ्या आणि नजर आणि काजळात बुडालेले, आणि त्यांच्यामध्ये आपण एकटी शुद्धीवर. तिनं दुकानात धूर खेचणारा पंखा बसवून घेतला, तोंडाला चांगला मास्क लावायला लावला. इंद्रजीतचं शिसं उतरलं. पंख्यानं उतरलं, मास्कनं उतरलं, हे आंधळ्यालाही दिसावं. पण त्यानं श्रेय दिलं जांभळ्या डबीला! आणि खुशीचं? खुशीचं दुसऱ्या तपासणीत वाढलं. कमी नाही, तेवढंच नाही, वाढलं. आता येत्या परवा तिसऱ्यांदा रक्त द्यायचं होतं आणि त्यात आणखी वाढलेलं निघालं तर नागपूर. त्या दिवसापासून इंद्रजीत कॅप्सूल फोडून तिची पूड मधात कालवून पोरीला दुप्पट चाटवत होता. वर्षा दारात उभी राहून ते पाहायची, आपल्या त्या नजरेनं, आणि मनात म्हणायची, चाटव, चाटव, तुझ्या अकलेला तेवढंच झेपणार. पण नळ तिलाही सापडला नव्हता. आणि हे ती कुणाजवळ बोलत नव्हती.

"मम्मी, सदरा," खुशी कुरकुरली आणि पायाजवळच्या पिशवीकडे हात केला. इंद्रजीत दुकानातून परस्पर हॉलवर आला होता, नाहून, ओले केस विंचरून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून; आणि स्टेजवर जाण्याआधी कपड्यांची पिशवी बायकोच्या पायाशी ठेवून गेला होता. वर्षानं पिशवीची गाठ सोडली, सदरा काढला, चौपदरी घडी केली आणि पोरीच्या डोक्याखाली सरकवली. खुशीनं सवयीनं बाहीचं टोक शोधलं, तोंडात घेतलं, आणि जादू व्हावी तशी शांत झाली. सासूची म्हणून वर्षानं ऐकलेली ही एवढी एकच गोष्ट. खुशी दोन वर्षांची असताना झोपेत दचकून उठायची, किंचाळायची. हंसाबाई तेव्हा आली होती. "लेकरू दचकते तं बापाच्या घामाचा सदरा उशाले दे," ती म्हणाली. "धुतलेला नाही पायजे. बापाचा वास असला का भेव जवळ येत नाही. आमच्या तांड्यात समदी लेकरं अशीच वाढली." वर्षानं तिला तीच नजर दिली होती. घामातल्या आम्लांची नावं सांगितली होती, बाई! पण एका संध्याकाळी पोरगी रडून रडून निळी पडायला लागली तेव्हा तिनं खुंटीवरचा निळा चौकड्याचा सदरा ओढला आणि तिच्या गालाखाली घातला. पोरगी झोपली. वर्षा किती तरी वेळ तिच्याकडे पाहत बसली होती. तेव्हापासून घरात बाकी सगळे शर्ट, आणि तो एकटा सदरा. शर्ट बादलीत जायचे, सदरा उशाला. महिन्या-पंधरा दिवसांनी त्याचा वास उडायचा, खुशी नाक लावून तक्रार करायची, "पप्पा गेला याच्यातला," आणि मग वर्षा सकाळी तो नवऱ्याच्या हातात द्यायची. "आज हा घालून जा. वास भरून आना." इंद्रजीत हसायचा, दिवसभर तो घालून राबायचा आणि परत आणून द्यायचा. वर्षाच्या जिभेवर सगळ्यांसाठी काटा असायचा, पण ह्या एका गोष्टीवर ती कधी बोलली नाही. कुणाला कळलं असतं तर तिला लाज वाटली असती, आणि तरी तिला ते फार आवडायचं. काल पुन्हा खुशीनं तक्रार केली, म्हणून आज इंद्रजीत तोच घालून दुकानात गेला होता.

स्टेजवर आता तोच उभा होता. माइक त्याच्या तोंडाच्या फार जवळ होता आणि श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता. "मी इंद्रजीत. बॅटरीचं काम करतो. माहे हात असे थरथरत व्हते," त्यानं हात पुढे करून दाखवले, "आता नाही थरथरत. ह्या गोळ्या घेऊन राह्यलो तवापासून." टाळ्या. त्याला टाळ्यांची सवय नव्हती. तो बावचळला, आणि नको होतं ते पुढचं बोलून गेला. "अन् माह्या पोरीलेही फरक हाये." फरक! वर्षाला वाटलं उठावं आणि ओरडावं, वाढलं हाही फरकच की रे! तिला त्याची घृणा आली. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची, त्या विंचरलेल्या केसांची, चार टाळ्यांसाठी पोरीवर खोटं बोलणाऱ्या त्या तोंडाची. आणि त्याच वेळी तो किती वाळलाय हेही तिला दिसलं. गळपट्टीतून मान नुसती काडी. खोटं बोलत होता की तसं व्हावं म्हणून बोलत होता, कोण जाणे. पण तिनं त्या विचाराला फार थारा दिला नाही. कीव करायला लागली की तिचा तोल जायचा. तिरस्कारात कसं ताठ बसता येतं.

मग घनश्यामनं आपला खेळ काढला. काचेचा ग्लास, पाणी, आणि त्यात औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचे थेंब. पाणी तांबूस तपकिरी झालं. "हे तुमचं रक्त," तो म्हणाला, "जहर, प्रदूषण, फवारणी, शिसं!" एक कॅप्सूल फोडून पूड टाकली, चमच्यानं ढवळलं, आणि बघता बघता तो तपकिरी रंग गायब. बाया खुर्च्यांवरून अर्ध्या उठल्या. विमलताईंनी तर हात जोडले. वर्षाला इतकं हसू फुटलं की तिनं तोंडावर ओढणी धरली. हा तर तिच्या सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलचा प्रयोग! आयोडीनला क जीवनसत्त्व भेटलं की त्याचं आयोडाइड होतं, त्याला रंग नसतो. लिंबू पिळलं असतं तरी झालं असतं. शिशाचा आणि ह्याचा काय संबंध, डोंबल! घनश्यामनं तिला हसताना पाहिलं. तो मुरलेला गडी. हसणाऱ्याला ओढून आत घ्यायचं त्याला ठाऊक होतं. "आपल्या वहिनी सायन्सच्या हायेत," तो माइकवर म्हणाला. "वहिनी, तुम्हीच सांगा ह्या लोकायले. रंग कुठी गेला?"

ती उठली. ह्याच क्षणाची तर ती इतका वेळ वाट पाहत होती. माइक नको म्हणाली, आवाज तिचा शिकवणीचा, मागच्या भिंतीपर्यंत पोचणारा. "कुठी नाही गेला. जे होतं ते तिथंच हाये. फक्त दिसत नाही." इंद्रजीतनं मान खाली घातली. घनश्याम पापणीही न लववता हसला. "ऐकलं? दिसत नाही म्हनते वहिनी! जहराचा रंगच उडाला, दात पाडले गोळीनं जहराचे! टाळ्या झाल्या पायजेत वहिनीसाठी!" आणि टाळ्या पडल्या. तिच्यासाठी. वर्षा धपकन खाली बसली. गाल तापले होते. ह्या मेंढरांना कुणी सांगावं, कुणाकुणाला सांगावं! तिच्या बाजूच्या एका अनोळखी बाईनं कौतुकानं तिच्या दंडाला हात लावला तो तिनं झटकला, आणि काहीतरी करायला हवं म्हणून ओढणीच्या टोकानं खुशीच्या तोंडाची लाळ पुसली. ओढणी पिवळी होती. तिच्यावर राखेसारखा काळसर पट्टा उमटला.

तिनं तो पाहिला. बोटानं चोळला. तो पसरला. तिनं खुशीच्या तोंडातून बाहीचं टोक हळूच सोडवलं. ते चोखून चोखून ओलं झालेलं, निळ्या चौकड्या जिथे ओल्या होत्या तिथे काळपट गाळ साचलेला. पोरीच्या खालच्या ओठाच्या आत एक बारीक करडी रेघ. हा रंग तिला ठाऊक होता. गच्चीवरच्या बादलीच्या तळाशी हाच रंग बसायचा, आणि ती हातमोजे घातलेल्या हातांनी तो वेगळा टाकायची. जे होतं ते तिथंच आहे, फक्त दिसत नाही. कोण म्हणालं हे? आत्ता, इतक्या मोठ्यानं? तिच्या कानात गोंगाट सुरू झाला. शर्ट धुवायचे. सदरा नाही धुवायचा. आज हा घालून जा. वास भरून आना. मीच. माझ्या हातानं. दर महिन्या-पंधरा दिवसांनी, पहिल्या शिशाचा जोर ओसरायच्या आत नवं भरून. डॉक्टरांनी रोज झोपते कुठे, तोंडात काय घालते, सगळं विचारलं होतं आणि तिनं घडाघडा उत्तरं दिली होती, आणि सदरा तिला आठवलाच नव्हता, कारण सदरा म्हणजे काही वस्तू नव्हती, ती माया होती. काजळ फेकलं, हळद फेकली, म्हातारीला रडवलं. नवऱ्याच्या मधाच्या चमच्याकडे दारात उभं राहून पाहिलं. अगं केमिस्ट्रीवाले! तिनं आपली ती नजर शोधली, जिनं ती घनश्यामकडे पाहायची, आणि ती नजर होती, जशीच्या तशी, फक्त आता वळायला दुसरी जागा नव्हती.

तिनं सदरा एका हिसक्यात ओढून काढला. खुशीचं डोकं खुर्चीवर आपटलं आणि ती किंचाळत उठली. "सदरा! मम्मी सदरा दे!" सगळा हॉल पुन्हा वळला. "अवं दे ना लेकराले," विमलताई पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "कायले हिसकून राह्यली?" वर्षानं पोरगी कडेवर घेतली, सदरा दुसऱ्या हातात लांब धरला आणि खुर्च्यांना धडकत, कुणाच्या पायावर पाय देत ती हॉलबाहेर निघाली.

हॉलमागे हात धुवायचे नळ होते, कालच्या पंगतीचा भात मोरीत तसाच पडलेला. तिनं नळाखाली खुशीचं तोंड धरलं, बोट घालून हिरड्या, जीभ, ओठ धुतले, पुन्हा धुतले. खुशी हातपाय झाडत होती. मागून इंद्रजीत तिनं खुर्चीपाशी टाकलेली पिशवी घेऊन धावत आला. "काय झालं वं? काहून रडवून राह्यली तिले?" वर्षानं ओढणी दाखवली, मग सदरा, मग त्याच्या बाहीचं टोक. "हा कामाचा शर्ट हाये," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "शर्टच हाये हा, इंद्रजीत. बाकीच्यायसारखा. मी धुवत नव्हती. मी तुमाले घालून पाठवत व्हती." लग्नानंतर त्याला नावानं हाक मारण्याची ही पहिलीच वेळ. त्याला समजायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि तो म्हणाला, "पन गोळ्या तं देऊन राह्यलो व्हतो ना मी तिले... दुप्पट..." एरवी ह्या वाक्यावर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. आता तिनं फक्त मान हलवली. "हो," ती म्हणाली. "तुम्ही देऊन राह्यले व्हते." आत माइकवर घनश्याम पुढच्या कुणाचं तरी नाव पुकारत होता.

"आन इकडे तिले," इंद्रजीत म्हणाला आणि त्यानं खुशीला घेतलं, छातीशी लावलं, पाठीवर थोपटलं. खुशीनं सवयीनं त्याच्या गळ्याशी नाक खुपसलं. हुंगलं. मान मागे घेऊन त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा हुंगलं. साबणाचा वास, इस्त्रीचा वास. "हा नाही," ती म्हणाली आणि त्याच्या छातीला दोन्ही हातांनी रेटा देऊन आईच्या हाताकडे झेपावली. वर्षानं तोवर पिशवी उघडली होती. सदरा आत कोंबला, वरून ती दाबली आणि तोंड आवळून गाठ मारायला घेतली. तेव्हा खुशीनं असा काही आक्रोश केला की पलीकडे भांडी घासत बसलेली बाई उठून उभी राहिली. "मम्मी, नको ना बांधू, पप्पा हाये त्याच्यात! पप्पा कोंडून जाईन!" इंद्रजीतनं तोंड फिरवलं. वर्षानं गाठ ओढली, आणि मग तिच्यावर दुसरी मारली.